गोंदाजी लोहाराचे दमलेले हात

फार फार वर्षांपूर्वी वाघजाळी गावात गोंदाजी लोहार राहायचा. त्याच्या हातात मोडकी वस्तू मोडकी राहत नसे, असं म्हणतात. विळा असो की कुलूप, त्याची बोटं फिरली की दुखणं आपसूक सापडायचं. म्हणून तर सत्तरी उलटली तरी बिचाऱ्याला कुणी स्वस्थ बसू दिलं नाही.

एकदा जहागीरदाराचं सहाबारी पिस्तूल बिघडलं. गायरान सोडायला नाही म्हणणारी सहा माणसं गावात होती. पौषी अवसेच्या बाजारात, चावडीपुढे त्यांना गोळ्या घालायचं त्यानं ठरवलं होतं. कारभाऱ्यानं पिस्तूल गोंदाजीपुढे ठेवलं.

"बाजाराच्या दिवशी चाललं पाहिजे. नाही चाललं तर हात तोडीन."

गोंदाजीनं पिस्तुलाचा घोडा ओढून पाहिला. गोळ्यांचं चाक अर्धं फिरून अडत होतं. ते पुढे ढकलणारी नखाएवढी पट्टी झिजली होती. घटकाभराचं काम. पण ते केलं की सहा जीव आपल्या हातानं जाणार, हे म्हाताऱ्याला कळलं.

मोडकंच परत द्यावं, तर हात ऐकेनात. बोलण्यात लक्ष गेलं की बोटं नवी पट्टी घासून, बसवून मोकळी. तो ती वाकवायचा, आणि भाकरी खाऊन येतो न येतो तोच बोटांनी ती सरळ केलेली असायची. सात दिवस हेच चाललं, असं म्हणतात. त्याचे डोळे खोल गेले.

"आवो, टाका की हिरीत," बायको येसाई म्हणाली.

"टाकलं तर दुसरं आणंल, मोडकं दिलं तर दुसऱ्या लोहाराकडनं नीट करून घील. ऐन वक्ताला बंद पडाया पायजे, येसा. लई दमलो गं मी."

बाजाराच्या सकाळी त्यानं दोन्ही हात ऐरणीवर टेकवले. "बाबांनो, जन्मात तुमास्नी थांबा म्हटलं न्हाई. आज येवढं मोडकं ऱ्हाऊ द्या. परत कामाला लावणार न्हाई."

मग त्यानं पट्टी इतकी पातळ घासली, की रिकामं चाक पुरतं फिरेल, पण गोळ्यांनी जड झालेलं अर्ध्यातच अडेल आणि घोडा गोळीवर पडणारच नाही. या वेळी बोटं गप्प राहिली. कारभाऱ्यानं रिकामं चाक फिरवून पाहिलं आणि खूश होऊन पिस्तूल नेलं.

चावडीपुढे सहा जण उभे केले. जहागीरदारानं चाप ओढला. खट्ट. सहा वेळा नुसतं खट्ट झालं. तोवर त्या सहांच्या मागे अख्खा बाजार येऊन उभा राहिला होता. जहागीरदारानं घोडी वळवली, तो गायरानाकडे पुन्हा फिरकला नाही.

कारभारी हात तोडायला आला, तेव्हा गोंदाजीचे हात मांडीवर लाकडासारखे पडले होते. त्यांत तोडण्याजोगं काही उरलं नव्हतं. पुढे चार वर्षं येसाईनं त्याला घास भरवला.

अजूनही पौषी अवसेला वाघजाळीत कुणी काही दुरुस्त करत नाही. पंक्चरवालासुद्धा दुकान बंद ठेवतो. घराघरांतून एकेक मोडकी वस्तू त्या ऐरणीपुढे येते, तुटका झारा, मुका रेडिओ, काहीही. नमस्कार कुणी करत नाही. दोन्ही हात ऐरणीवर टेकवतात आणि म्हणतात, "ऱ्हाऊ द्या बाबा. आज मोडकंच ऱ्हाऊ द्या."