चालता चालता विचारणारा साप

संगणकाच्या पडद्यावर नुसती अक्षरंच नांदत होती, चित्रं अजून यायची होती, त्या काळची गोष्ट. एका खेळात नागोजी नावाचा ठिपक्यांचा साप होता. पडद्यावरच्या दर चौकोनी घरापाशी थबकून तो कीबोर्डाला विचारायचा, "कुठं वळू?" खेळ रचणाऱ्या वत्सलाबाईंनी बटण दाबेपर्यंत तो जागचा हलायचा नाही.

"अहो नागोजीराव, मुळं फुटली काय तुम्हाला?" पुढच्या भिंतीपाशी बसलेला बेडूक खिदळला. "असे अडून राहिलात, तर बाई आज पुसून टाकणार तुम्हाला!"

नागोजीनं घाबरून कीबोर्डाला विचारलं, "मग विचारणंच सोडू का?"

"छे रे!" कीबोर्ड म्हणाला. "जाता जाता माझ्या उंबऱ्यावर डोकाव. बाईंचा हुकूम दिसला तर उचल, नाही तर आपला चालत राहा."

नागोजी भीतभीत निघाला. डोकावला, उंबरा रिकामा. तरी पुढं सरकला. पुन्हा रिकामा! भिंत अगदी नाकाशी आली, तोच उंबऱ्यावर 'डावीकडे' दिसलं. तो सर्रकन वळला आणि बेडूक थेट त्याच्या तोंडात आला. पुसण्याच्या बटणाकडे निघालेलं बाईंच्या दुसऱ्या हाताचं बोट तिथंच थांबलं.

"अहो, न थांबता, न विचारता वळलात कसे?" बेडूक आतून ओरडला.

"विचारलं की," नागोजी फणा काढून म्हणाला, "पण चालता चालता!"