बाहुली बसेना

“आणि धागा तुटला तर?”

शेवंताबाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

सोनबाबा काचेच्या तुकड्यानं बांबूची काडी घासत बसले होते. त्यांनी काडी उजेडात धरली, एक डोळा मिटून पाहिली आणि पुन्हा घासायला घेतली.

“बाबा, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं ना, माय.”

“मग?”

“तुटला का?”

“नाही अजून.”

“मग वीण.”

शेवंताबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि मान खाली घातली.

सोनबाबा जातीचे विणकर. नदीकाठी, देवीच्या देवळामागं त्यांची झोपडी होती. मोठा माग त्यांनी कधीच सोडला होता. आता ते पाटीएवढ्या लाकडी चौकटी करत. चौकटीला वर-खाली बारीक खिळे, खिळ्यांवरून ताणलेले उभे धागे, आणि आडवा धागा लाकडी दाभणानं एक आड एक ओवायचा. हा माग मांडीवर मावे. त्यावर निघे ते बाहुलीचं लुगडं.

आसपासच्या गावांतल्या बाया लेकीसुनेच्या बाळंतपणासाठी देवीला बाहुलीचा नवस बोलत. लुगडं आपल्याच हातानं विणायचं, बाहुलीला नेसवायचं आणि तिला देवीपुढच्या पायरीवर बसवून यायचं. विणताना धागा तुटता कामा नये, असं बाया एकमेकींना सांगत. सोनबाबांनी तसं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

पण शेवंताबाईंनी ते बायांकडून ऐकलं होतं, आणि ते त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं.

त्यांची एकुलती लेक बेबी तालुक्याच्या दवाखान्यात होती. आठवा महिना. पाय खाली टेकवायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. याआधीची दोन सातव्या महिन्यातच गेली होती. दुसऱ्या वेळी बेबी रडलीसुद्धा नाही. नुसती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. शेवंताबाईंना ती पाठ अजून दिसे.

या खेपेला त्यांनी कंबर कसली. जावयाला म्हणाल्या, “दोन दिवसांत नवस फेडून येते.”

आज तिसरा दिवस होता. सात लुगडी अर्धवट सुटली होती. धागा तुटला की त्या सगळं ओढून काढत आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करत.

“वीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवलाय मी,” त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. “तीनशे पोरी माझ्या हाताखालून गेल्या. माझी शिवण उसवलेली कुणी दाखवावी.”

“मग बाहुलीचं काय अवघड?” सोनबाबा म्हणाले होते.

आता हे आठवं लुगडं. त्या दाभण ओवत, धागा श्वास रोखून ओढत आणि लाकडी फणीनं ओळ खाली ठोकत. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ओळींमधून उजेडसुद्धा दिसत नव्हता.

“मास्तरीणबाई,” सोनबाबांनी काडीवरची नजर न काढता विचारलं, “लुगडं विणतेस का ढाल?”

“सैल राहिलं तर सुटेल.”

“कोण सुटेल?”

शेवंताबाईंची फणी चौथ्यांदा बसली.

दुपारी बारा वाजता एस.टी. आली. कंडक्टर खाली उतरून देवळाकडं पळतच आला. रोजच्या येण्याजाण्यानं तो सगळ्यांना ओळखत होता.

“मावशी, तुमच्या जावयानं निरोप दिलाय. बेबीताई सारखं विचारतात, आई कधी येणार म्हणून.”

शेवंताबाईंचा हात थांबला.

“त्रास होतोय का तिला?”

“तसं काही म्हणाले नाहीत. घाबरल्यात म्हणे.”

“तिला सांगा... चार बोटं राहिलंय. झालं की निघते.”

“मी शेवटच्या गावाहून साडेतीनला परत येतो. हॉर्न देईन. पण थांबणार नाही हं फार, काल उशीर झाला म्हणून डेपोत बोलणी खाल्लीत.”

“आधी पुरं होऊ दे,” शेवंताबाई म्हणाल्या आणि दाभण उचललं.

सोनबाबांनी कंडक्टरला पाणी दिलं. तो गेल्यावर ते पुन्हा काडी घासायला बसले.

पाऊण वाजता लुगडं पुरं झालं.

धागा तुटला नव्हता. कुठं गाठ नाही, कुठं सूत लोंबत नाही. शेवंताबाईंनी ते खिळ्यांवरून अलगद सोडवलं. तीन दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या.

“बघा बाबा!”

बाबांनी लुगड्यावर नखानं टिचकी मारली. टक्क आवाज आला.

“नेसव.”

शेवंताबाईंनी पिशवीतून बाहुली काढली. बेबीच्या लहानपणीच्या परकराच्या चिंध्यांची ती होती, काळ्या दोऱ्याच्या डोळ्यांची. त्यांनी लुगडं गुंडाळलं. निऱ्या घालायला गेल्या, तर कापड दुमडेना. कशीबशी एक निरी घातली, टाचणी लावली.

“आता बसव तिला.”

त्यांनी बाहुली जमिनीवर बसवली. बाहुली उताणी पडली.

पुन्हा बसवली. पुन्हा पडली. कमरेत वाकेचना. लुगडं फळीसारखं ताठ उभं, आणि आत बिचाऱ्या चिंध्या.

“मांडीवर घे.”

शेवंताबाईंनी तिला मांडीवर घेतलं. ती घसरून खाली गेली आणि आभाळाकडं डोळे लावून पडून राहिली.

शेवंताबाईंनी चटकन बाहुली पालथी केली, जणू ते डोळे कुणी पाहायला नकोत. पालथी केल्यावर तिची पाठ दिसू लागली...

“बाबा, हा अपशकुन तर नाही ना?”

“लुगडं ताठ आहे,” सोनबाबा म्हणाले. “दुसरं काही नाही.”

“पण मी किती जपून विणलं! एकसुद्धा सूत सुटू दिलं नाही!”

“होय ना.”

बाबांनी टाचणी काढली, लुगडं हातात घेतलं आणि चुलीकडं गेले. चहाचं भांडं उकळत होतं. त्यांनी लुगड्याची घडी घालायचा प्रयत्न केला, नाही जमली, तसंच धरून भांडं खाली उतरवलं.

“अगदी छान. चटका लागत नाही.”

“बाबा!” शेवंताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “तीन दिवस गेले माझे त्यात.”

“चहा घे.”

चहा तसाच निवत राहिला. बाबांनी चौकट घेतली आणि स्वतः उभे धागे लावले. धाग्यांखालून करंगळी जाईल एवढे सैलसर. मग त्यांनी आडव्या धाग्याची गुंडी उचलली. वीतभर सूत उलगडलं आणि तोडलं. आणखी वीतभर, तोडलं.

“अहो, हे काय करताय?”

तोडलं.

“बाबा, नका हो! तुटलेलं चालत नाही!”

“कोण म्हणालं?”

“सगळ्याच म्हणतात.”

“मला कुणी विचारलं नाही.” बाबांनी आणखी एक तुकडा तोडला. शेवंताबाईंच्या पदरात तुकड्यांचा ढीग झाला. प्रत्येक तुकड्याबरोबर त्यांचं अंग दचकत होतं, आणि शेवटी दचकायलाही त्राण उरलं नाही.

“आता वीण.”

“तुटक्या सुतानं?”

“आता तुटायचं काय राहिलं?”

शेवंताबाईंनी पदरातल्या ढिगातून बोट फिरवलं.

मग त्यांनी एक तुकडा उचलला आणि दाभणात ओवला. दोन ओळींतच संपला. बाबांनी बोट पुढं करून दाखवलं, नव्याचं टोक जुन्यावर थोडं चढवायचं, फणी एकदाच टेकवायची. गाठ मारायची नाही.

“निसटणार नाही?”

“शेजारची सुतं धरतात त्याला.”

पहिले चार-पाच जोड त्यांनी पुन्हा पुन्हा बोटानं चाचपून पाहिले. दहाव्यानंतर किती झाले हे मोजायचं राहून गेलं. फणी हळू बसू लागली. ओळींमधून मांडीवरच्या पातळाचा रंग दिसत होता, आणि त्या आपोआप बोलू लागल्या.

“लहानपणी ही बाहुली घेतल्याशिवाय जेवायची नाही बेबी. एक घास हिला, एक तिला. मला राग यायचा, परकर खरकटा करते म्हणून.”

“हं.”

“दुसऱ्या वेळेला... ती भिंतीकडं तोंड करून पडली होती ना, तेव्हा मी तिच्यापाशी बसले नाही, बाबा. बाहेर बाकावर बसून जप करत होते. पूर्ण लाख करायचा होता.”

बाबांच्या हातातली काडी थांबली.

“तिनं हाक मारली होती का?”

“...मारली होती. मी म्हटलं, थोडं राहिलंय.”

नदीपलीकडून हॉर्न वाजला. पूल ओलांडून एस.टी. इकडं यायला पाचेक मिनिटं लागत.

शेवंताबाईंनी चौकटीकडं पाहिलं. लुगडं जेमतेम अर्धं झालं होतं. त्यांनी दाभण घाईनं ओवलं, ओढलं... आणि थांबल्या. धागा तुटला नव्हता, पण त्यांनीच तो हातातून सोडला.

“बाबा, अर्धंच झालंय. नवस पुरा नाही. आणि ती वाट बघतेय.”

सोनबाबांनी ती उरलेली सुतं एका जुन्या फडक्यात बांधली आणि पुरचुंडी पुढं केली.

शेवंताबाई उठल्या. चौकट छातीशी धरली, बाहुली पिशवीत घातली. या वेळी ती वाकली आणि नीट मावली.

“मी तिच्या खाटेपाशी बसून विणीन. चालेल?”

“तिलाही एखादी ओळ घालू दे. पडल्यापडल्या जमेल.”

“ती कुठली विणते, बाबा! तिला शिवण कधी आली नाही. मीच हात लावू दिला नाही, सुया मोडायची.”

रस्त्यावर एस.टी. थांबली. कंडक्टरनं दारातून हात हलवला. “मावशी, येताय का?”

शेवंताबाई चार पावलं गेल्या आणि वळल्या. तोच सकाळचा चेहरा, तेच भ्यालेले डोळे.

“बाबा, आणि धागा तुटला तर?”

सोनबाबांनी बांबूची काडी उजेडात धरली.

“तर बेबीला म्हण, दुसरं टोक शोध.”