कुकरमधला कार्बोरेटर

नदीकाठच्या एका गावात दोन मिस्त्री राहत होते. दोघंही मोटारी दुरुस्त करायचे. रस्त्याच्या अलीकडे केरबाचं गॅरेज, पलीकडे भूपालचं. मधला रस्ता इतका अरुंद, की एकाच्या हातून पाना पडला तर दुसऱ्याला आवाज यायचा. केरबाच्या अंगात कसब होतं, उगाच नाव कशाला ठेवा? इंजिनाला नुसता कान लावून तो सांगायचा, दुखणं कुठं आहे ते. फक्त एक खोड वाईट होती. हात कामात असायचे आणि डोळे समोरच्या दारात.

आणि समोर बघण्यासारखं होतंही बरं का. भूपालच्या हातून गेलेला जुना भाग नव्यासारखा होऊन बाहेर पडायचा. केरबा रॉकेलमध्ये ब्रश बुडवून दिवसभर घासायचा, कोपर दुखेपर्यंत घासायचा, तरी त्याच्याकडचा भाग काळपट तो काळपटच. गिऱ्हाईक पैसे चुकते करायचं. पण पुढच्या खेपेला रस्ता ओलांडून पलीकडे जायचं.

गावात गमतीनं म्हणायचे, भूपाल मोटारी शिजवतो. ते खरंच होतं. बायकोच्या स्वयंपाकघरातून बाद झालेलं सगळं त्यानं गॅरेजच्या मागच्या खोलीत मांडलं होतं. कान तुटलेला कुकर, केक भाजायचा जुना ओव्हन, दार नीट न लागणारा फ्रीज. कार्बोरेटर कुकरात उकळायचा आणि ओव्हनमध्ये वाळवायचा. नवं बेरिंग घट्ट बसत असलं तर ते आधी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचा. थंडीनं ते अंग चोरायचं आणि जागेवर अलगद बसायचं.

लोक हसायचे आणि हसत हसत गाडी त्याच्याकडेच द्यायचे. केरबाला मात्र हसू येत नव्हतं. समोर कुकरातून वाफ निघाली की इकडे त्याच्या हातातला पाना थांबायचा. "काहीतरी टाकतोय तो त्यात," तो बायकोला, सगुणाला म्हणायचा. "नुसत्या पाण्यानं कधी धातू उजळतो का? कुठनं तरी औषध आणलंय आणि दडवून ठेवलंय."

त्यात आणखी एक ताप होता. भूपालच्या दाराशी कचऱ्याची टोपली असायची आणि ती कायम लिंबाच्या सालींनी भरलेली. वारा सुटला की साली उडून केरबाच्या उंबऱ्यात यायच्या. रोज सकाळी केरबा त्या हातानं गोळा करायचा आणि रस्त्यापलीकडे भिरकावून द्यायचा. वर पुटपुटायचा, "भर थंडीत सरबतं पितात लेकाचे. चैन बघा यांची."

एके दिवशी गुळाचे अडते बसाप्पाशेठ केरबाच्या दारात आले. शेठ म्हणजे मोठं प्रस्थ. ते ज्या दारात जायचे, त्या दारात मागोमाग सगळा बाजार जायचा. त्यांच्या वडिलांची जुनी काळी मोटार कित्येक वर्षं गोठ्यात पडून होती.

"मिस्त्री, आई थकलीय," शेठ म्हणाले. "एकदा ह्या मोटारीत बसून माहेरी जायचं म्हणते. लग्न होऊन ह्याच मोटारीतनं आली होती. तेवढी चालू करून द्या. पण जपून. हिचे भाग आता कुठं मिळत नाहीत."

केरबाची छाती फुगली. तेवढ्यात शेठ पुढं म्हणाले, "भूपालच्या हातात कामं फार आहेत. तोच म्हणाला, केरबाकडे द्या, इंजिनाचा कान त्यालाच आहे."

दुसरा कुणी असता तर शेजाऱ्याला दुवा दिला असता. केरबाच्या अंगाचा तिळपापड झाला. हा कोण मला काम वाटणारा? ह्याचं उष्टं मी खायचं? पण शेठना नाही म्हणवेना. काम त्यानं घेतलं, आणि काम झकास केलंही. इंजिन मोकळं केलं, तारा बदलल्या, चाकं फिरती केली. अडलं ते एकाच ठिकाणी. इंजिनाला पेट्रोल पाजणारा कार्बोरेटर. त्याच्या बारीक बारीक भोकांत जुनं पेट्रोल सुकून डिंकासारखं चिकटलं होतं. ब्रश पोचेना, तार शिरेना, रॉकेलनं सुटेना. गाडी सुरू व्हायची, दोन उचक्या द्यायची आणि गप्प बसायची.

सगुणा म्हणाली, "अहो, समोर जाऊन विचारा की. जीभ झिजते काय?"

केरबा दोन दिवस तार घेऊन त्याच भोकांशी झटत बसला. शेवटी शेठचा निरोप आला, आई रोज विचारते म्हणून. तेव्हा तो उठला आणि रस्ता ओलांडून गेला. एवढासा रस्ता, पण त्याला डोंगर चढल्यासारखं झालं.

भूपालनं स्टूल पुसून पुढं केलं, चहा सांगितला आणि केरबानं विचारायच्या आधीच म्हणाला, "कार्बोरेटर अडला असेल. सोपं आहे. रबर आधी सगळं काढ. कुकरात पाणी घे, पाच-सहा लिंबं पीळ आणि मंद आचेवर उकळू दे. झाकण नुसतं ठेव, लावू नकोस. मग साध्या पाण्यानं धू आणि ओव्हनच्या उबेत वाळव. कॉस्टिक सोड्याच्या वाटेला मात्र जाऊ नकोस. लोखंडाला चालतो, ॲल्युमिनियमला खातो, आणि कार्बोरेटर ॲल्युमिनियमचाच. आणि घरातला स्वयंपाकाचा कुकर घेऊ नकोस बाबा, ह्यात परत अन्न शिजवायचं नसतं. पाहिजे तर माझा ने."

केरबानं मान डोलावली, चहा प्याला आणि परत आला. वाटेतच त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. एवढं सोपं? आणि एवढ्या सहज सांगितलं? आपण असतो तर सांगितलं असतं का? मुळीच नाही. मग तो का सांगेल?

झालं. आता त्याला सगळं लख्ख दिसायला लागलं. लिंबं म्हणाला, म्हणजे लिंबाचा काही संबंध नसणार. मंद आच म्हणाला, म्हणजे मोठीच लागत असणार. आपला कुकर देतो म्हणाला, म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार. आणि सोड्याची एवढी भीती घातली, म्हणजे खरं औषध तोच. नाहीतर तो सोड्याचं नाव काढायचं कारणच काय? केरबाला हसू फुटलं. किती दिवसांनी त्याला बरं वाटलं.

दुपारी सगुणा पिठाच्या गिरणीवर गेली. केरबानं तिचा कुकर ओट्यावरून उचलून गॅसवर ठेवला. तो ॲल्युमिनियमचा, तिला भावानं भाऊबीजेला दिलेला, घासून पुसून आरशासारखा ठेवलेला. त्यात पाणी ओतलं, कार्बोरेटर बुडवला, लोखंडी भागांसाठी आणलेला कॉस्टिक सोडा मूठ भरून टाकला आणि आच मोठी केली.

पाणी उकळायच्या आधीच फसफसायला लागलं. केरबा खूश. मळ सुटतोय, त्याला वाटलं. फेस काठावर आला, खाली उतरला, ओट्यावरून जमिनीवर गळायला लागला. नाकात झोंबणारा वास सुटला. आता मात्र तो दचकला. गॅस बंद करून त्यानं चिमट्यानं कार्बोरेटर बाहेर काढला. तो कोळशासारखा काळा झाला होता. फडक्यानं पुसला तर अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. बारीक भोकं खाऊन मोठी झाली होती. आणि कुकर आतून काळाठिक्कर, तळाशी चाळणीसारखा गळत होता.

सगुणा पिठाचा डबा घेऊन दारात उभी होती. तिनं डबा खाली ठेवला, कुकर उचलला, उजेडात धरून बघितला आणि परत ठेवला.

केरबा तसाच कार्बोरेटर घेऊन तावातावानं समोर गेला. "खोटं सांगितलंस मला," तो म्हणाला. "शेठच्या आईचं माहेरी जाणं तू बुडवलंस."

भूपालनं कार्बोरेटर हातात घेतला, बोटानं खड्डा चाचपला. "ह्याला सोडा लागलाय केरबा," तो शांतपणे म्हणाला. "मी तर सोडा नको म्हणालो होतो."

"म्हणून तर घातला," केरबाच्या तोंडून निघून गेलं.

भूपालनं तो काळा कार्बोरेटर बाजूला ठेवला. रागावला असता तर केरबाला बरं वाटलं असतं. पण तो मागं गेला, भंगारात बराच वेळ धुंडाळत बसला आणि तसल्याच एका मेलेल्या मोटारीचा कळकट कार्बोरेटर घेऊन आला. "ये, बस इथं. डोळ्यांनी बघ."

त्यानं कान तुटलेल्या कुकरात पाणी घेतलं. एकेक लिंबू चिरलं, पिळलं आणि साल न बघताच मागं टोपलीत टाकली. केरबाची नजर सालीबरोबर टोपलीपर्यंत गेली आणि तिथंच खिळली. आच मंद होती. पाणी हळूहळू तपकिरी झालं. केरबा औषधाची बाटली निघायची वाट बघत होता. ती निघाली नाही. निघाला तो पांढरा स्वच्छ कार्बोरेटर, भोकाभोकातून उजेड दिसणारा.

काळी मोटार चालू झाली. शेठच्या आई माहेरी जाऊन आल्या, येताना गाडीभर भावाचा आहेर घेऊन आल्या. पण वडिलांच्या गाडीचा मूळ भाग कुठं गेला, हे शेठनी विचारलंच, आणि केरबाला खाली मान घालून सांगावं लागलं. शेठ ओरडले नाहीत. त्यांची पुढची गाडी समोरच्या दारात गेली, आणि मागोमाग बाजारही गेला.

मग एका सकाळी वारा होता. उंबऱ्यात साली येऊन पडल्या होत्या. केरबानं सवयीनं त्या गोळा केल्या, भिरकावायला हात वर केला आणि तो तसाच थांबला. घरात सगुणा पातेल्यात डाळ शिजवत होती. तासभर झाला तरी डाळ शिजत नव्हती.

तिथूनच ती म्हणाली, "औषध हुडकत होता न्हवं? वर्षभर हातात घेऊन फेकत होता की ते."

तात्पर्य: मत्सरी माणसाला उघडी गोष्ट दिसत नाही आणि खरी गोष्ट पटत नाही, म्हणून ज्याच्याकडून शिकायचं, त्याच्यावर जळणं आधी सोडावं.