रिकामी गोफण

पूर्वी वेत्रवती नदीकाठच्या सुभूमी नगरात विजय नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शेतराख्यांच्या घरात जन्मले. त्यांचे नाव सोमिल. राजाच्या जोंधळ्याच्या शेतात मेढींवर उंच माळा बांधून, हाती गोफण घेऊन पाखरे हाकायची, हे त्यांचे काम. त्यांचा नेम राजाच्या सेनापतीलाही ठाऊक होता. पण दिवसाकाठी त्यांच्या गोफणीतून चार-दोन गुंडे, म्हणजे गोल दगड, सुटले तर सुटले.

त्या साली शेजारच्या शेताची राखण अनुला नावाच्या तरुण बाईकडे आली. तिचा नवरा तांड्याबरोबर दूर देशी गेलेला. तीन वर्षांची तुंगा तिच्या पदराला. सुगी होईपर्यंत शेत नीट राखले तर वर्षाचे धान्य, नाही तर दुसऱ्याचे दार, असा सरळ हिशेब होता.

अनुला कामाला चुकार नव्हती. उलट अतीच होती. लेकुरवाळ्या बाईला सळसळ ऐकू आली की ती पाखराची वाटत नाही, वाघाची वाटते. पान हलले की तिचा हात गुंड्याकडे जाई, गोफण डोक्यावर गरगर फिरे, एक, दोन, आणि तिसऱ्या फेऱ्याला आपोआप सुटे. सुटल्यावर ती बघे, तिथे काय होते ते. बहुधा वारा असे. दुपारपर्यंत गुंड्यांचा ढीग संपे, खांदा सुजे, आणि पाखरे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जाऊन निवांत कणसे टिपत. पाखरांनी खाल्ली त्याहून जास्त कणसे तिच्याच गुंड्यांनी मोडली, असे शेतपाल कुंडल म्हणे. तो टोचून बोलण्यात पटाईत होता. पण यात त्याचे फारसे चुकत नव्हते.

एके दिवशी तुंगा माळ्याखाली मातीच्या बैलाशी खेळत होती. अनुलेची पाठ वळली, तशी पोर जोंधळ्यात शिरली. ताटे हलली. अनुलेचा हात उठला. एक, दोन, तीन. मग रडणे ऐकू आले. अनुला माळ्यावरून उतरली नाही, पडलीच. पोरीला लागले नव्हते. तिच्या हातातल्या बैलाचे मात्र डोके नव्हते.

सोमिल धावत आले तेव्हा अनुला पोरीला छातीशी घट्ट धरून बसली होती. गोफण नदीत टाकते आणि उद्यापासून दळण-कांडण करून पोट भरते, असे ती म्हणाली.

सोमिलांनी बिनडोक्याचा बैल उचलला, पुसला आणि तुंगेला दिला. मग म्हणाले, “गोफण नदीत टाकशील, पोरी. हात कुठे टाकशील?”

तेव्हा अनुलेने मनात सलत होते ते सांगितले. नदीकाठच्या तापसाने शिकवल्याप्रमाणे ती रोज पहाटे घाटावर डोळे मिटून बसे. श्वास आला, श्वास गेला, बघत राही. “तेव्हा मन कसं तळ्यासारखं असतं, मामा. माळ्यावर पाय ठेवला की संपलं. माझं ध्यान खोटं असेल, नाही तर मी खोटी असेन.”

“ध्यानही खरं आहे आणि तूही खरी,” सोमिल म्हणाले. “तुझं मन घाटावर शिकतं आणि हात माळ्यावर शिकतो. दोघांची गाठच पडत नाही, त्याला तू काय करशील आणि तापस तरी काय करील?”

मग त्यांनी तिला एक गोष्ट करायला सांगितली. सात दिवस गोफणीत गुंडा घालायचा नाही. सळसळ थांबवू म्हटले तर थांबणार नाही, म्हणून तिलाच देवळातली घंटा समजायचे. सळसळ झाली की रिकामी गोफण उचलायची. पहिल्या फेऱ्याला श्वास बघायचा, दुसऱ्याला कान द्यायचा, तिसऱ्याला डोळा. काय आहे ते दिसले तर दिसले. नाही दिसले तर गोफण हळू खाली घ्यायची. घाटावर जे करतेस तेच, फक्त उभ्याने.

“आणि तोवर पाखरं?”

“ती माझी,” सोमिल म्हणाले.

पहिला दिवस लाजिरवाणा गेला. तिचा हात तिला न विचारता पुन्हा पुन्हा गुंडा उचली. तिने सगळा ढीग माळ्याखाली लोटून दिला, तर हात रिकाम्या जागी चाचपू लागला. दुसऱ्या दिवशी एक फेरा नीट झाला आणि पुढचे सगळे विसरले. कुंडल बांधावरून जाता जाता थांबला. “काय बाई, पाखरांना वारा घालतेस का? उकडतंय होय त्यांना?” आठव्या दिवशी शेत पाहीन आणि मग ठरवीन, असे बजावून तो गेला.

अनुलेला रडू आले. मग तिला वाटले, रडायचे तर रडता रडताही गोफण फिरवता येते. तिने फिरवली. चुकली की पुन्हा पहिल्या फेऱ्यापासून. पोरीला घास भरवताना, पाणी आणताना, उसवलेले शिवतानाही ती मनात तीन फेरे मोजू लागली. हट्ट म्हणाल तर हट्टच होता तो. पण आजवर तिचा हट्ट सळसळीशी होता, आता हाताशी होता.

इकडे सोमिल दोन्ही शेतांवर हाका घालत बांधाबांधाने पळत होते. त्यांचा घसा बसला. त्यांच्या स्वतःच्या शेताचा एक कोपरा पाखरांनी साफ केला. उत्तम राखणीच्या बक्षिसाची घोंगडी दर साल त्यांच्या खांद्यावर पडे. या साली ती दुसऱ्याची होणार हे त्यांना दिसत होते. त्यांनी ते कुणाला सांगितले नाही.

आठव्या दिवशी अनुलेने गोफणीत पुन्हा गुंडा घातला. दिवस कलला होता. तुंगा माळ्यावर, तिच्या पायाशी झोपली होती. एवढ्यात शेताच्या मधोमध ताटे जोरात हलली. काहीतरी जड, वाकलेले, तिच्याच दिशेने सरकत होते. पलीकडच्या माळ्यावरचा राखण्या ओरडला, “डुक्कर! मार, बाई, मार!”

पोर तर जवळच होती. न मारायला आता काही कारण नव्हते. अनुलेची छाती धडधडली, हात उठला. एक. श्वास आला. दोन. ताटे कडाकडा मोडत होती. तीन. दिसत नाही. हात सुटायला आसुसला होता. तिने चौथा फेरा घेतला, पाचवा घेतला. दिसत नाही. दात आवळून तिने गोफण हळूहळू खाली घेतली.

ताटांतून केसांत तुसे भरलेला कुंडल बाहेर आला. बाई झोपली असेल, नाही तर वारा घालत असेल, तिला रंगेहाथ पकडावे म्हणून तो ओणवा होऊन आला होता. त्याने गोफणीतला गुंडा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

“का नाही मारलास?” त्याने विचारले.

“दिसलं नाही म्हणून,” अनुला म्हणाली.

कुंडलाने तो गुंडा मागून घेतला, तळहातावर तोलला आणि कनवटीला लावला. राखण सुगीपर्यंत तुझीच, एवढे बोलून तो बांधाने निघून गेला.

अनुलेची भीती काही गेली नाही. सळसळ झाली की छाती उडायचीच. पण छाती उडणे आणि हात सुटणे यांच्या मधे आता थोडी जागा झाली होती, तीन फेऱ्यांएवढी. तेवढी तिला जन्मभर पुरली. त्या संध्याकाळी सोमिलांनी बसक्या आवाजात ही गाथा म्हटली:

मन घाटावर निवे, हात माळ्यावर जळे;
दोघां बैसवी एकत्र, त्यास ध्यान हे कळे.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा जेतवनात एका तरुण गृहिणीला सांगितली. विहारात बसते तोवर मी शांत असते, घरी पाऊल टाकले की लेकीवर हात उगारते, तेव्हा येण्यात काय अर्थ, असे ती म्हणाली होती. कथा संपवून शास्ते म्हणाले, “त्या वेळचा कुंडल म्हणजे तुला ‘रोज येऊन काय उजेड पडला’ म्हणून हसणारा तुझा दीर. तुंगा तुझ्या खांद्यावर झोपली आहे. अनुला तूच होतीस, आणि सोमिल मी. एकदा तुला जमले होते, बाई. पुन्हा पहिल्या फेऱ्यापासून धर. चुकल्यावर पुन्हा धरणे, यालाच अधिष्ठान पारमिता म्हणतात.”