तोकडा शंख

माणसाला अजून होडी ठाऊक नव्हती, तेव्हाची गोष्ट. भर समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर रिकाम्या शंखांत घर करणारे खेकडे राहत. अंग वाढलं की शंख तोकडा पडे. म्हणून दर उधाणानंतर ते मोठ्यापासून धाकट्यापर्यंत रांग धरत. सर्वांत थोरली भागीआत्या किनाऱ्यावरच्या मोकळ्या शंखात शिरे, तिच्या शंखात तिच्या मागचा आणि त्याच्या शंखात त्याच्या मागचा.

एकदा दूरच्या मुलखातून कुरव पक्षी आला. "आत्याबाई, हे मोठे शंख नुसते पडून आहेत. मला द्या, मी तुम्हाला भाताचे दाणे आणून देतो."

"खरंच की, पडूनच तर आहेत!" आत्या म्हणाली.

शंख गेले, भात आला. असं खाणं बेटावर कुणी पाहिलं नव्हतं. सगळे गुटगुटीत झाले आणि आत्या तर सर्वांत जास्त. बेटाला चांगले दिवस आपणच आणले, असं ती येताजाता ऐकवायची.

पुढच्या उधाणानंतर रांग लागली. आत्याने अख्खा किनारा पालथा घातला, पण तिच्या मापाचा एकही शंख उरला नव्हता.

"कुरवा, एक शंख परत आण रे!"

"आणतो की. पण एवढ्या लांबून ओझं आणायचं, तर बदल्यात काय द्याल?"

"आम्ही तर बदल्यात शंखच देत होतो..." आत्या बोलता बोलता थांबली.

मागून सगळी रांग ओरडली, "आत्या, पुढे सरक ना! अंग दाटलंय आमचं!"

आत्याने लाजून तोंड आत घ्यायला पाहिलं. भाताने फुगलेलं अंग जुन्या शंखात मावेना.