मोडलेली फांदी

"यातलं कधीच सुकणार नाही असं झाड कुठलं, बाबा?"

वासुदेवगिरी बाबांनी मान वर केली नाही. ते रोपांच्या बुंध्याशी वाळकं गवत दाबत होते.

"तसलं माझ्याकडे नाही."

जालिंदर चिडला. परभणीहून हिमालयातल्या या आश्रमात तो तेवढ्यासाठीच चढून आला होता. खालच्या घाटरस्त्याच्या एका वळणावर बर्फ उपसायच्या कामावर असताना वरून बर्फाचा कडाच कोसळला आणि त्याचा दादा त्याखाली गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. त्या वळणावर दादाच्या नावानं झाड लावायचं, बाकी काही त्याला सुचत नव्हतं.

"मग ती काय आहेत?" त्यानं काचेच्या खोलीकडे बोट केलं. आत झुडपं हिरवीगार होती.

"ती शेगडीच्या उबेवर जगतात. त्या वळणावर चार रात्री काढायची नाहीत."

"मग बाहेर टिकेल असं द्या. पण देखणं द्या. माझा दादा देखणा होता."

बाबा उठले. अंगणातलं एक रोप त्यांनी त्याच्यापुढे आणून ठेवलं. भूर्जाचं. पांढुरकी साल, वर नुसत्या काटक्या. औषधाला पान नाही.

जालिंदर बघत राहिला...

"थट्टा करता का गरिबाची? ही चुलीत घालायची काडी. मेलंय हे!"

"झोपलंय."

"आमच्या आईला पण लोक हेच सांगत होते. दादा झोपल्यासारखा दिसतोय म्हणून. आणि कापड बाजूला केलं तर..."

त्यानं रागारागानं एक फांदी धरली. ती सहज तुटेना. त्यानं पिरगाळली, ओढली, मोडून हातात घेतली.

"हे बघा तुमचं..."

मोडल्या जागी हिरवं होतं. ओलं.

"बाबा... मी मारलं का हो याला?"

"फांदी गेली. झाड आहे."

वारा बोचत होता. जालिंदरनं घाईघाईनं गळ्यातला मफलर सोडला. दादाच्या सामानातून घरी आलेला. गुडघ्यांवर बसून तो त्या जखमेभोवती गुंडाळू लागला. गाठ बसत नव्हती.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"नको, बाळा. थंडी लागू दे त्याला. पुरती थंडी खाल्ल्याशिवाय चैत्रात उठायचं नाही ते."