धुक्यातलं शिंग

"पण महाराज, ज्यांना वाचतासुद्धा येत नाही, त्यांनी राज्य कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवायचं?"

गैबीनाथ तळ्याकडे बघत राहिले. तळं दिसत नव्हतं. पहाटेपासून धुकं उतरलं होतं आणि मठाच्या पायरीपुढे जगच संपल्यासारखं वाटत होतं.

प्रश्न शारंगधराचा होता. त्याचे लेख गावोगाव मोठ्यानं वाचले गेले, लोक रस्त्यावर आले आणि राजा निघून गेला. राजाची खुर्ची आता काठावरच्या पिंपळाखाली आणून ठेवली होती. पलीकडच्या तीरावरची माणसं होड्यांतून येऊन आज पहिल्यांदाच मत देणार होती.

"आज मतदान नको," शारंगधर म्हणाला. "थोडी वर्षं खुर्ची मी सांभाळतो. लोक शिकले की परत देईन. तुम्ही नुसता शब्द टाका, ते ऐकतील."

"परत देशील?"

"महाराज, मी तुमचा शिष्य आहे."

"राजाही माझाच शिष्य होता."



नाथांनी शेजारचं शिंग उचललं. धुकं असलं की ते काठावरच्या मोठ्या दगडावर बसून शिंग फुंकत आणि त्या आवाजाच्या रोखानं होड्या सुखरूप किनाऱ्याला लागत. तळ्यावर ही रीत फार जुनी होती.

"माझा दम आता पुरत नाही. आज तू फुंक."

शारंगधर दगडावर बसला. त्यानं शिंग फुंकलं. आवाज धुक्यात विरत गेला...

मग खूप लांबून कुणीतरी साद दिली. "ओऽऽ!"

त्याच्या अंगावर काटा आला. पुन्हा फुंकलं. आता दोन हाका आल्या, मग कितीतरी. न दिसणारं सगळं तळं त्याच्याशी बोलत होतं.

सगळे माझ्याकडे येताहेत, त्याला वाटलं. मग सरळ पिंपळाकडेच का येऊ नयेत?

तो उठला. शिंग फुंकत, ओल्या गवतातून, खुर्चीच्या दिशेनं चालू लागला. पाण्यातल्या हाकाही त्याच्याबरोबर सरकू लागल्या. स्वप्नात चालावं तसा तो चालत होता.

दगड आणि पिंपळ यांच्यामध्ये, पाण्याखाली, काळे खडक होते. लहानपणी, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की, तो त्यांच्यावरून उड्या मारायचा.

खर्रर्र... लाकूड खडकाला घासलं. एक मूल रडायला लागलं.

"अहो नाथबाबा!" एक बाई ओरडली. "एका जागी बसा की! म्हातारपणी पाय फुटले का तुम्हाला?"

"बाबा नाहीत ते. दुसरंच कुणीतरी फुंकतंय."

"मग सांगा त्याला, वरात नाही ही! पोरंबाळं आहेत होडीत!"

कुणीतरी हसलं, पण ते हसू घाबरलेलं होतं.

शारंगधर मागे पळाला. ठेचकाळला, गुडघा फुटला, तरी शिंग सोडलं नाही. दगडावर बसून तो फुंकत राहिला, छाती दुखेपर्यंत.

बऱ्याच वेळानं धुक्यातून एका होडीची टोकदार नाळ बाहेर आली. मग दुसरी. माणसं पाण्यात उतरली आणि त्याच्या शेजारून पिंपळाकडे निघाली. कुणी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

रडणाऱ्या मुलाला कडेवर घेतलेली बाई तेवढी थांबली. पदर पिळत म्हणाली, "मघाशी तूच का रे?"

"हो... मीच."

"फुंकतोस बरा. हलतोस फार."

आणि ती मत द्यायला गेली.

शारंगधर उठून तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिला. धुक्यानं तिला अलगद पुसून टाकलं.

"महाराज," दगडापाशी येऊन उभ्या राहिलेल्या नाथांना तो हळूच म्हणाला, "आणि त्यांनी चुकीचाच माणूस निवडला तर?"

 नाथ डोळे मिटून काहीतरी ऐकत होते...

"अजून एक होडी आहे," ते म्हणाले. "खाली बस."